पहिल्या पायरीची भीती

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी थबकलेले माणूस आपण सगळ्यांनीच पाहिलेले असते. रेल्वे स्थानकावर, मॉलमध्ये, विमानतळावर. एक हात रबरी कठड्याकडे जातो आणि चटका बसल्यासारखा मागे येतो. पाऊल उचलले जाते, पण टेकत नाही. जमिनीतून एकामागून एक पायऱ्या उगवत राहतात, मागची गर्दी चुळबुळ करू लागते, आणि मग ते माणूस ओशाळे हसून बाजूला होते व शेजारच्या साध्या जिन्याने धापा टाकत चढू लागते. अशांत खेड्यातून पहिल्यांदाच आलेल्या आजीबाई असतात, तसेच चांगले शिकलेसवरलेले, चारचौघांत ठामपणे बोलणारे लोकही असतात. त्यांची चेष्टा करावी असे मला कधी वाटलेले नाही.

यातल्या पुष्कळांना उंचीची भीती नसते. गच्चीच्या कठड्याशी ते खुशाल उभे राहतात. कोणाचा तरी हात धरून एकदा का पाऊल पडले, की पुढचा प्रवास ते निमूटपणे करतात. त्यांची सारी भीती त्या एका पहिल्या पायरीत साठलेली असते. कधी तरी पदर अडकलेला असतो, कधी तोल गेलेला असतो, कधी दुसऱ्या कोणाला पडताना पाहिलेले असते. प्रसंग संपतो, पण धसका राहतो. शहाणपण सांगते, की शेकडो माणसे सुखरूप वर जात आहेत. पाय मात्र ऐकत नाहीत.

ही भीती जिन्याइतकीच जुनी आहे. लंडनच्या हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानात 1898 साली सरकता जिना बसवला गेला, तेव्हा वर पोहोचलेल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या गिऱ्हाइकांसाठी दुकानदाराने ब्रँडीची सोय ठेवली होती. आज ब्रँडीऐवजी काही जण संमोहनोपचाराची वाट धरतात. त्यात डोळ्यांपुढे साखळीचे घड्याळ हलवणे वगैरे नाटक नसते. माणसाला आरामखुर्चीत बसवतात, श्वासावर लक्ष एकवटायला लावतात, अंग सैल पडू देतात. मग मनातल्या मनात तो जिना आधी लांबून दाखवतात, मग जवळून, मग अगदी पायाशी आणून. पाऊल नीट पडेल, पडते आहे, हे पुन्हा पुन्हा ऐकवतात. त्यानंतर कमी गर्दीच्या वेळी खऱ्या जिन्यापाशी नेतात. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की खरा गुण येतो तो भीतीच्या वस्तूला थोडे थोडे करून सामोरे गेल्यामुळे. संमोहन काहींना तिथवर पोहोचायला मदत करते, आणि काहींना नाहीही करत.

या उपचाराचा माझ्या मते सगळ्यांत नामवंत रुग्ण म्हणजे रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनॉव्ह. त्याला सरकत्या जिन्याची भीती नव्हती. त्याला भीती होती कोऱ्या कागदाची. कागदावर पहिला स्वर लिहिण्याचा त्याने धसका घेतला होता. पण त्याच्या दुखण्याची सुरुवात मात्र एका जिन्यावरच झाली, म्हणून त्याची गोष्ट इथे सांगावीशी वाटते.

घंटांचा नाद, घराची वाताहत

राखमानिनॉव्हचा जन्म 1873 सालचा, नोव्हगोरोद प्रांतातल्या जमीनदार घराण्यातला. वडील लष्करातले माजी अधिकारी, दिलदार, गप्पिष्ट, आणि पैशाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर. आईने लग्नात आणलेल्या जमिनी त्यांनी एकेक करून उडवल्या. सर्गेई नऊ वर्षांचा असताना शेवटचे राहते घरही गेले आणि कुटुंब सेंट पीटर्सबर्गच्या लहानशा जागेत येऊन पडले. तिथे घटसर्पाने बहीण सोफिया गेली. आईवडील वेगळे झाले. ज्या घरात पियानोवर आईने पहिले धडे दिले होते, त्या घरातले काही म्हणता काही जागेवर राहिले नाही.

या पडझडीत मुलाला आधार होता तो आजीचा. आजी त्याला नोव्हगोरोदच्या चर्चमध्ये घेऊन जाई. तिथले प्राचीन धाटणीचे सामुदायिक गायन आणि मोठ्या घंटांचा घुमत राहणारा नाद त्याच्या कानात कायमचा बसला. पुढे आयुष्यभर त्याच्या संगीतात कुठे ना कुठे घंटा वाजतच राहिल्या.

पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात मात्र त्याचे लक्ष लागेना. शाळा बुडवून तो बर्फावर घसरायला जाई आणि गुणपत्रकातले आकडे बदलून आईला दाखवी. अखेर बारा वर्षांचा असताना तो साध्या विषयांत नापास झाला. त्याचा मावसभाऊ की आतेभाऊ, असा हिशेब रशियन नातेसंबंधांत चटकन लागत नाही, पण वयाने मोठा असा अलेक्झांडर सिलोती हा त्याचा एक भाऊ नावाजलेला पियानोवादक होता. याला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव्ह यांच्याकडे पाठवा, असा त्याने सल्ला दिला.

झ्वेरेव्ह निवडक मुलांना आपल्याच घरी ठेवून शिकवत. पैसा घेत नसत, पण शिस्त मात्र कडक. पहाटे सहाला पियानोवर बसावे लागे, मग आदली रात्र नाटक बघण्यात गेलेली असो वा नसो. आपल्याकडे गुरुगृही राहून गाणे शिकलेल्यांच्या ज्या कथा आहेत, त्यांतच ही बसावी. रविवारी त्या घरी मॉस्कोतले मोठमोठे लोक जेवायला येत. त्यांत चायकोव्हस्कीही असे, आणि या अबोल, लांब बोटांच्या मुलावर त्याचा जीव जडला. पुढे मुलाला स्वतःचे संगीत रचायचे होते, त्यासाठी त्याने स्वतंत्र खोली मागितली. गुरूला राग आला आणि दोघांत बोलणे बंद झाले. मुलगा आत्याच्या, सातिन कुटुंबाच्या घरी राहायला गेला.

1892 साली अंतिम परीक्षेसाठी त्याने ‘आलेको’ हा एकांकी ऑपेरा जेमतेम अडीच-तीन आठवड्यांत लिहून काढला आणि विद्यालयाचे मोठे सुवर्णपदक मिळवले. त्या दिवशी झ्वेरेव्ह पुढे आले आणि आपले सोन्याचे घड्याळ काढून त्यांनी शिष्याच्या हातात ठेवले. ते घड्याळ राखमानिनॉव्हने शेवटपर्यंत जपले. त्याच वर्षी त्याने पियानोसाठी एक छोटा प्रेल्यूड लिहिला. तो जगभर इतका गाजला, की पुढे पन्नास वर्षे श्रोते त्याला तो वाजवल्याशिवाय उठू देत नसत आणि शेवटी शेवटी त्यालाच त्याचा उबग आला. वयाच्या विशीत सारे कसे सुरळीत चालले होते. लिहायला बसावे आणि सुचावे. भीती हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता.

जिन्यावरची रात्र

मग आला मार्च 1897. त्याची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गला सादर व्हायची होती. वय चोवीसच्या आत. दोन वर्षांपूर्वी ती लिहून पूर्ण झाली होती आणि तिच्यावर त्याने जीव ओवाळून टाकला होता. संचालन करायला होता अलेक्झांडर ग्लाझुनॉव्ह, स्वतः मोठा संगीतकार. पण सराव अपुरा झाला होता, आणि संचालकाला त्या रचनेत फारसा रस असल्याचे दिसत नव्हते. तो त्या रात्री प्यायलेला होता, असेही पुढे राखमानिनॉव्हच्या पत्नीने सुचवले. खरे-खोटे काही असो, वादन सुरू झाले ते कोसळतच गेले.

संगीतकार सभागृहात बसू शकला नाही. गॅलरीकडे जाणाऱ्या एका गोल जिन्यावर तो जाऊन बसला आणि आपलेच संगीत ऐकू येऊ नये म्हणून त्याने कान घट्ट दाबून घेतले. वादन संपताच तो बाहेर पळाला.

दुसरा घाव वर्तमानपत्रातून आला. सेझार क्युई हा पीटर्सबर्गचा ज्येष्ठ संगीतकार आणि समीक्षक. मॉस्कोवाल्यांबद्दल पीटर्सबर्गवाल्यांना तशीही आढी होतीच. नरकात एखादे संगीत विद्यालय असते आणि बायबलातल्या दहा अरिष्टांवर सिंफनी लिहिण्याचे काम तिथल्या हुशार विद्यार्थ्याला दिले असते, तर त्याने ती अशीच लिहून नरकवासीयांना खूश केले असते, अशा आशयाचे त्याने लिहिले. वाचणाऱ्यांनी ते हसून सोडून दिले असेल. ज्याच्यावर लिहिले होते, त्याला पुढची जवळपास तीन वर्षे सुचेनासे झाले.

आपली अवस्था अर्धांगवायूचा झटका येऊन डोके आणि हात दोन्ही निकामी झालेल्या माणसासारखी झाली होती, असे त्याने पुढे सांगितले. पण लक्षात घेण्यासारखे हे, की बाकी सारे तो करत होता. सावा मामोंतॉव्ह या धनिकाच्या खासगी ऑपेरा कंपनीत त्याने संचालकाची नोकरी धरली आणि ती उत्तम केली. तिथेच फ्योदोर शाल्यापिन या अफाट गायकाशी त्याची जन्माची मैत्री जुळली. 1899 साली लंडनला जाऊन तो संचालन करून, पियानो वाजवून आला. तिथे त्याने पियानो आणि वाद्यवृंदासाठी नवा कंचेर्टो लिहून देण्याचे वचनही दिले. दुसऱ्यांचे संगीत हाताळताना हात कापत नसे. स्वतःचे लिहायला कागद पुढे ओढला, की हात थांबे. गच्चीवर बिनधास्त उभा राहणारा माणूस सरकत्या जिन्यापाशी थिजावा, तसेच हे.

मी पुस्तके लिहायला लागण्याआधी आणि नंतरही पुष्कळ वर्षे बँकेत होतो. तिथे एका शाखेतल्या कॅशियरचे पाहिलेले मला आठवते. एका संध्याकाळी त्याचा ताळा जमेना. रोख कमी भरली, त्याने ती पदरची भरली आणि प्रकरण मिटले. पण दुसऱ्या दिवसापासून तो गृहस्थ प्रत्येक गड्डी चार-चार वेळा मोजू लागला. पूर्वी ज्याची बोटे नोटांवरून पाण्यासारखी फिरत, तो मध्येच थांबे, आकडा विसरे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. काउंटरपुढची रांग दारापर्यंत जाई. त्याला रागावून उपयोग नव्हता आणि समजावूनही नव्हता, कारण त्याला सगळे समजतच होते. अखेर आमचा म्हातारा हेड कॅशियर खुर्ची घेऊन पंधरा दिवस त्याच्या शेजारी बसला. गड्डी मोजून झाली, की बरोबर आहे, पुढची घे, एवढेच तो हलक्या आवाजात म्हणे. दुसरे काही नाही. हळूहळू बोटे परत वाहती झाली. राखमानिनॉव्हच्या बाबतीत जे घडले ते वाचताना मला तो हलका आवाज आठवतो.

तोलस्तोय आणि डॉक्टर

आधी एक वेगळाच उपाय करून पाहण्यात आला. साऱ्या रशियात तेव्हा लिओ तोलस्तोयना ऋषीचा मान होता. त्यांच्या भेटीने मुलाला उभारी येईल, अशा समजुतीने हितचिंतकांनी त्याला तोलस्तोयच्या मॉस्कोतल्या घरी पाठवले. जानेवारी 1900 मध्ये तो शाल्यापिनबरोबर तिथे गेला. शाल्यापिन गायला, याने साथ केली. गाणी संपल्यावर तोलस्तोयनी त्याला बाजूला घेऊन विचारले, की असल्या संगीताची कोणाला काही गरज असते का? ज्याला देव मानले, त्याच्या तोंडून हे ऐकून आधीच वाकलेला माणूस पार मोडला. मोठ्या माणसांचा सहवास हे दर वेळी औषधच असते असे नाही.

सातिन कुटुंबाने मग डॉक्टर निकोलाय दाल यांचे नाव काढले. हे दाल घरच्यांच्या माहितीतले. संमोहनाने उपचार करणारे वैद्य, शिवाय स्वतः हौशी वादक. व्हायोला वाजवणारे, घरी चौघांनी जमून चेंबर संगीत करणारे.

संमोहन म्हटले की आपल्याकडे अजूनही जादूचे प्रयोग आणि मोहिनीविद्या आठवते. युरोपातही त्याची सुरुवात जवळपास तशीच झाली होती. अठराव्या शतकात मेस्मर या वैद्याने आपल्या अंगच्या चुंबकशक्तीने रोग बरे होतात, असा दावा करून पॅरिस गाजवले. 1784 साली नेमलेल्या चौकशी समितीने असली काही चुंबकशक्ती नाही, हे सारे कल्पनेचे सामर्थ्य आहे, असा निकाल दिला. पण कल्पनेत सामर्थ्य आहे, हे काही थोडे नव्हे, ही गोष्ट ध्यानात यायला आणखी काही दशके जावी लागली. आपल्या देशातही त्याचा एक धागा आहे. 1845 पासून बंगालमध्ये हुगळीला जेम्स इस्डेल या इंग्रज सरकारच्या शल्यवैद्याने रुग्णांना अशा तंद्रीत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. क्लोरोफॉर्म अजून यायचे होते. त्याच सुमारास मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांनी चुंबकाची भाकडकथा बाजूला सारली, लक्ष एकाग्र होण्याने येणारी ही अवस्था आहे असे मांडले आणि तिला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले. शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये शार्को आणि बर्नहाइम यांच्या वादातून ही विद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात स्थिरावली. दाल हे त्या पिढीचे.

जानेवारी ते एप्रिल 1900 राखमानिनॉव्ह रोज त्यांच्याकडे जात असे. आरामखुर्चीत अर्धवट झोपेत तो पडलेला असे आणि डॉक्टर तीच ती वाक्ये त्याच्या कानांवर घालत. तू कंचेर्टो लिहायला घेशील, काम सहज होत जाईल, आणि जे होईल ते उत्तम होईल, एवढाच त्यांचा मथितार्थ. लंडनला कबूल केलेला कंचेर्टो घरच्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातला होता, म्हणून सूचनाही नेमकी त्याचीच. धीर धर, तू मोठा कलावंत आहेस, असे मोघम काही नाही. पुढची पायरी कोणती, तेवढेच.

या भेटींत झोपेचा वाटा किती आणि गप्पांचा किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. डॉक्टर स्वतः संगीत जाणणारे होते. एका संगीतकाराला महिनोन्महिने रोज कोणी तरी न कंटाळता, न हसता, संगीताविषयी बोलू देत होते, हाच अर्धा उपचार असेल. त्याची झोप सुधारली, अन्न लागू लागले, आणि उन्हाळ्यात क्रिमिया व इटलीच्या मुक्कामात सूर सुचू लागले.

घंटा पुन्हा वाजल्या

परत आल्यावर त्याने लिहायला घेतले, पण सुरुवात सुरुवातीपासून केली नाही. दुसरा आणि तिसरा भाग आधी लिहून झाला. डिसेंबर 1900 मध्ये सिलोतीच्या संचालनाखाली तेवढेच दोन भाग त्याने मॉस्कोत वाजवून पाहिले. लोकांनी उचलून धरले, तेव्हा कुठे पहिला भाग लिहायचा धीर आला. पूर्ण रचना नोव्हेंबर 1901 मध्ये सादर झाली. हाच तो दुसरा पियानो कंचेर्टो.

पाश्चात्त्य संगीताचा ज्यांना गंध नाही, त्यांनीही या रचनेची पहिली दोन मिनिटे ऐकावीत. वाद्यवृंद गप्प असतो. एकटा पियानो अगदी हळू, दुरून आल्यासारखे जड स्वरसमूह टाकतो, प्रत्येकाच्या तळाशी तोच एक खोल स्वर. एक, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक थोडा अधिक मोठा. धुक्यातून चर्चच्या घंटा जवळ येत जाव्यात तसे. पुष्कळांना त्यात नोव्हगोरोद ऐकू येते. मला त्यात चाचपत पुढे पडणारी पावलेही ऐकू येतात. मग एकदम सारा वाद्यवृंद उठतो आणि ती रुंद, उदास, थोर सुरावट वाहू लागते. पुढे ‘ब्रीफ एन्काउंटर’ या 1945 च्या इंग्रजी चित्रपटात हेच संगीत वापरले गेले आणि ज्यांनी संगीतकाराचे नाव ऐकले नव्हते, अशा लाखो लोकांच्या कानांत ते जाऊन बसले.

कंचेर्टो अर्पण केला होता निकोलाय दाल यांना. कोणा उमरावाला नाही, गुरूला नाही, डॉक्टरला. 1904 साली या रचनेला ग्लिंका पारितोषिक मिळाले.

गोष्ट इथे संपवली तर ती फार सोयीची होईल. डॉक्टरने मंत्र घातला आणि भीती पळाली. पण तसे झाले नाही. पूर्ण कंचेर्टोच्या पहिल्या प्रयोगाला पाच दिवस उरले असताना मित्र निकिता मोरोझॉव्ह याच्या एका शेऱ्याने तो पुन्हा हादरला. पहिला भाग साफ फसला आहे, हे आपल्याला आत्ता कळते आहे, अशा अर्थाचे घाबरे पत्र त्याने मोरोझॉव्हला लिहिले. मग तो मंचावर गेला आणि त्याने तोच भाग वाजवला. 1897 च्या मानाने फरक पडला होता तो एवढाच, पण तो मोठा होता. आता तो जिन्यावर जाऊन बसला नाही.

सोबतीला राहिलेली भीती

1902 मध्ये त्याने आतेबहीण नताल्या सातिन हिच्याशी लग्न केले. चर्चचे नियम अशा लग्नाच्या आड येत होते, ते सांभाळता सांभाळता लष्करी छावणीतल्या चर्चमध्ये विवाह उरकावा लागला. दोन मुली झाल्या. तांबोव्ह प्रांतातल्या इवानोव्का या सातिन कुटुंबाच्या शेतवाडीवर त्याचे उन्हाळे जात आणि तिथेच बरेचसे लेखन होई. 1909 साली अमेरिकेच्या दौऱ्यासाठी लिहिलेला तिसरा कंचेर्टो इतका अवघड, की बोटीवर आवाज न करणारा पियानोचा पट्टा घेऊन त्याने सारा प्रवासभर सराव केला.

मरणाची भीतीही त्याला होतीच. मारिएत्ता शागिन्यान या लेखिकेने तिच्या आठवणींत एक मजेशीर हकीकत दिली आहे. मरणाच्या भयाने तो बेचैन असताना कोणी तरी खारे पिस्ते आणून दिले, ते खाता खाता भय कुठल्या कुठे गेले, असे त्याने तिला सांगितले. पुढे तो मॉस्कोला निघाला, तेव्हा घरच्यांनी पिस्त्यांची पिशवीच त्याच्या सोबत दिली.

1917 च्या क्रांतीने इवानोव्का गेली. स्वीडनमधल्या कार्यक्रमांचे निमित्त सापडले आणि वर्षअखेरीस तो बायकामुलींसह, हातात मावेल तेवढ्या सामानानिशी, फिनलंडच्या सरहद्दीवर उघड्या घसरगाडीतून बर्फ तुडवत निघाला. रशिया पुन्हा दिसला नाही. नोव्हेंबर 1918 मध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा वय पंचेचाळीस. पोट भरायला त्याने पियानोवादकाचा पेशा धरला. आजवर मुख्यत्वे स्वतःचेच वाजवले होते, आता दुसऱ्यांच्या रचनांचा साठा नव्याने बसवायचा होता. बँकेत पंचेचाळिशीत नवे खाते शिकायला लागले, तरी माणसे कुरकुरतात. याने त्या वयात सराव करून जगातल्या पहिल्या दोन-चार पियानोवादकांत जागा मिळवली. स्वतः निर्वासित असून निर्वासितांना हात दिला. 1923 साली इगोर सिकोर्स्की हा विमानांचा कारखाना उभारताना मेटाकुटीला आला होता. त्याला याने पाच हजार डॉलर दिले. हेलिकॉप्टरमुळे पुढे जगाला माहीत झालेला सिकोर्स्की तो हाच. दुसऱ्याच्या धाडसावर त्याचा विश्वास असे.

स्वतःचे लेखन मात्र पुन्हा आटले. देश गेला, तसे लिहिण्याचे मनही गेले, असे तो म्हणे. परदेशातल्या पंचवीस वर्षांत अवघ्या सहा क्रमांकांच्या रचना झाल्या. चौथ्या कंचेर्टोवर टीका झाली, तर त्याने तो पुन्हा पुन्हा कापला, बदलला. कोरेल्लीच्या सुरावटीवर त्याने वीस रूपे बांधली होती. ती वाजवताना श्रोत्यांतल्या खोकल्याकडे त्याचे कान असत. खोकला वाढला, की तो पुढचे एखादे रूप गाळून टाकी. एका कार्यक्रमात त्याने निम्मीच वाजवली. हे तो मित्राला पत्रात थट्टेने कळवी, पण थट्टेखाली जुनाच धसका होता.

1934 साली स्वित्झर्लंडच्या घरी त्याने पागानिनीच्या सुरावटीवर चोवीस रूपांची ‘रॅप्सडी’ लिहिली. शेवटच्या रूपात हातांना इतक्या लांब उड्या घ्याव्या लागतात, की लिहिणाऱ्यालाच ती वाजवण्याची धास्ती वाटू लागली. असे सांगतात, की पहिल्या प्रयोगाआधी एका वादकमित्राने त्याला पुदिन्याच्या मद्याचा एक पेला सुचवला. हा एरवी न पिणारा गृहस्थ. त्याने तो घेतला, उड्या बिनचूक पडल्या, आणि पुढे दर वेळी ही रचना वाजवण्याआधी तो पेला ठरलेला. हॅरॉड्सच्या जिन्याच्या माथ्यावरची ब्रँडी पहिल्या पायरीआधीच मिळावी, असा हा प्रकार.

डॉक्टर दालही क्रांतीनंतर देशोधडीला लागले आणि बैरूतला जाऊन राहिले. 1928 साली तिथल्या विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने दुसरा कंचेर्टो वाजवला, तेव्हा दाल व्हायोला घेऊन वादकांतच बसले होते, असे सांगितले जाते. हा कंचेर्टो ज्यांना अर्पण केला ते हेच, हे श्रोत्यांना कळले तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि डॉक्टरांना उठून नमस्कार करावा लागला.

राहता राहिली ती पहिली सिंफनी. पीटर्सबर्गच्या त्या रात्रीनंतर राखमानिनॉव्हने हयातीत ती पुन्हा वाजू दिली नाही. तिचे हस्तलिखित रशियात राहिले आणि हरवले. 1940 साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्याने अमेरिकेत ‘सिंफॉनिक डान्सेस’ ही अखेरची रचना लिहिली. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी एकाएकी सारे शांत होते आणि तंतुवाद्यांवर एक नवी, संथ सुरावट येते. ती कुठून आली, हे तेव्हाच्या श्रोत्यांना कळणे शक्यच नव्हते. ती त्या हरवलेल्या सिंफनीची मुख्य सुरावट होती. 1897 मध्ये ती त्वेषाने, अंगावर धावून येत असे. आता ती उजळ, निवांत झाली होती. त्रेचाळीस वर्षे ज्या स्वरांनी त्याला कान झाकायला लावले होते, ते त्याने कोणालाही न सांगता आपल्या शेवटच्या वहीत परत घेतले.

28 मार्च 1943 रोजी, सत्तरी पुरी व्हायला चार दिवस असताना, कॅलिफोर्नियात तो कर्करोगाने गेला. महिना-सव्वा महिना आधीपर्यंत त्याचे दौरे चालू होते. पुढे लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात पहिल्या सिंफनीचे वेगवेगळ्या वाद्यांचे कागद सापडले. 1897 च्या प्रयोगाला वादकांपुढे ठेवलेले ते कागद कोणी तरी नीट बांधून ठेवले होते. त्यांवरून संपूर्ण सिंफनी पुन्हा उभी करण्यात आली आणि 17 ऑक्टोबर 1945 रोजी मॉस्कोत वाजवली गेली. या वेळी सराव पुरेसा होता. श्रोत्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि भरभरून दाद दिली. आज ती जगभर वाजते. तिच्यात नरकाचे काही ऐकू येते का, हे ज्याने त्याने एकदा ऐकून ठरवावे. मला तरी बावीस वर्षांच्या एका मुलाचा, भीती म्हणजे काय हे अजून ठाऊक नसलेला आवाज तिच्यात ऐकू येतो.